डाव्या बाजूला बसून सांगितलेलं

सुमन,

तू गेलीस असं शालूने दवाखान्यातून फोन करून सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो ‘नक्की का?’ बायको हुंदके देतेय आणि मी विचारतोय, कोणी सांगितलं, मोठ्या डॉक्टरांनी की शिकाऊ पोरांनी, नाडी कोणी बघितली. शेवटी ती चिडून म्हणाली, “अहो, तिचा हात माझ्या हातात आहे!” तू असतीस तर हसली असतीस. “उस्ताद, मेल्यावर पण चेकिंग?” असंच म्हणाली असतीस.

काय करणार, खोड जुनी आहे. तोफखान्यात मी तोफेचा नंबर एक होतो, म्हणजे त्या एका तोफेचा आणि तिच्यावरच्या माणसांचा कारभारी. तू नेम लावायचीस आणि मी तो तपासायचो. तुझ्याइतका नेम आमच्या आख्ख्या तुकडीत, बॅटरीत, कोणाचा नव्हता, तरी मी दुर्बिणीला डोळा लावून ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय गोळा सुटत नसे. एकाने मांडायचं, दुसऱ्याने तपासायचं, स्वतःच्या डोळ्यावरही विश्वास टाकायचा नाही. एवढी वर्षं हे केल्यावर माणूस घरी येऊन भाजीवालीचा तराजू पालथा करून बघतो. मी बघतो. म्हणून तुझ्याबद्दल लिहितानाही मला धड गहिवरता येत नाही. डोळे भरून आले की मध्येच संशय येतो.

फौजेत तुझं नाव दत्तू होतं. निफाडच्या बोरस्त्यांचा दत्तू, घरची द्राक्षबाग भावावर सोडून भरती झालेला. मी आधी पेन्शन घेऊन सुटलो, मळ्यात झेंडू आणि शेवंती करायला लागलो. दोन-चार वर्षांनी तूही सुटलीस आणि मग तुझा पत्ताच नाही. निफाडला फोन केला तर तुझा भाऊ म्हणाला, “मुंबईला असतो तो.” कुठे, काय करतो, विचारलं तर म्हणाला, “असतो.” त्या एका शब्दावरून मला कळलं की कुठेतरी पाणी मुरतंय.

मग ते नाशकातल्या द्वारकेचं. दोन हजार साल उलटून गेलं होतं. शालूचा कुकर शिट्टी देईना म्हणून चौकातल्या एका टपरीवर गेलो. बाहेर ‘कुकर, शेगडी, मिक्सर दुरुस्ती’ अशी पाटी आणि आत निळ्या साडीतली एक उंच बाई. तिने झाकण उजेडाकडे धरलं, डावा डोळा मिटला आणि शिट्टीच्या भोकातून पलीकडे बघितलं. तो डोळा मिटायचा प्रकार मी दुर्बिणीमागे हजारदा पाहिला होता. माझ्या मनात काय आलं, ते तुला कधी सांगितलं नाही. मला वाटलं, तुला गुप्तहेर खात्याने वेष बदलून बसवलंय. द्वारका म्हणजे मुंबई-आग्रा रस्ता, देशभरचे ट्रक थांबतात, कोण कुठला माणूस उतरतो. बसवला असेल आपला दत्तू नजर ठेवायला. म्हणून मी ओळखच दाखवली नाही. देशाचं काम माझ्या कुकरपायी बिघडायला नको! झाकण घेतलं, मान खाली घातली आणि निघालो. तेव्हा मागून आवाज आला, “उस्ताद, शिट्टी तपासून तर घ्या. इस्वास कवापासून ठेवायला लागले?”

मग तू स्टूल ओढलंस आणि असं ठेवलंस, की मी बसल्यावर तू माझ्या उजव्या हाताला येशील. तोफखान्याबाहेरच्या माणसाला यात काही दिसणार नाही. आमचे कान जातात. माझा डावा पार गेला, आपल्या बॅटरीतल्या भामऱ्याचा उजवा, तुझे दोन्ही अर्धे-अर्धे. बॅटरीत कोणाचा कोणता कान चालतो हे सगळ्यांना पाठ असतं आणि बसायच्या जागा त्यावरून ठरतात. आणि ज्याला ऐकू येत नाही तो मान डोलावतो. सारखं ‘काय? काय?’ विचारायची लाज वाटते. आमची अर्धी बोलणी मान डोलावण्यावर चालायची.

“आता माझं नाव सुमन हाय,” तू सांगितलंस. “लहानपणापास्नं हेच होतं. लोकांना आत्ता कळलं.” पुढे तू बरंच बोललीस. इंदिरानगरात खोली घेतली, घरमालकीण चांगली आहे, निफाडला जायचं बंद झालंय. मी ऐकत होतो आणि तुझ्या बोटांकडे बघत होतो. बोटं तीच होती. मला राग आला होता. कशाचा, ते तेव्हा कळलं नाही.

घरी येऊन मी शालूला सगळं सांगितलं. ती किंचाळेल, निदान बसेल तरी, असं वाटलं होतं. ती म्हणाली, “कुकर नीट झाला ना?” आणि संक्रांतीला तुला हळदीकुंकवाला बोलावून मोकळी झाली. मी तिला बजावलं, ही इतक्या वर्षांनी अशी उगवते, हिला आपल्याकडून काय हवंय ते आधी बघ. शालू म्हणाली, “तुमच्याकडे कुठे येतेय ती? माझ्याकडे येतेय.” तू आलीस, वाण घेतलंस, बायकांत बसून तिळगूळ खाल्लास, आणि मी ओसरीवर बसून आतल्या हसण्याचा अर्थ लावत राहिलो. माझ्यावर हसताय असं मला वाटत होतं. तू नंतर कबूल केलंस, की तुम्ही माझ्यावरच हसत होतात.

आपलं खरं भांडण लागलं ते पेपरातल्या चार ओळींवरून. परदेशातल्या कुठल्याशा फौजेत तुझ्यासारख्यांना उघडपणे नोकरी करू देणार, अशी बातमी होती. मी टपरीवर ती मोठ्याने वाचली आणि म्हणालो, “झालं! आता बंदुकांना घुंगरू बांधा.” तू हातातला पाना खाली ठेवलास. तू पाना क्वचितच खाली ठेवायचीस.

“तुम्ही असते तर घेतलं नसतं का?” तू विचारलंस.

“नसतं. बॅरेकीत तीस माणसं एका रांगेत झोपतात. एका नळावर आंघोळ करतात. त्यात असं कोणी आलं की कुजबुज सुरू होते, टवाळी होते, कोणीतरी हात उगारतं. आणि ज्याची टवाळी होते त्याच्या हातात मी गोळा कसा द्यायचा?”

“टवाळी करणारे ते, आन् घरी जायचं आम्ही?”

“फौज काही न्याय करायला नसते, सुमन. लढायला असते.”

“मग लढायचंच इचारा की. भरतीला माझं काय बघितलं? धाव बघितली, छाती फुगवून बघितली, दात बघितले. पास झाले ना मी? उस्ताद, तुम्ही मला ‘घ्यायचं का’ असं काय म्हणताय? मी फौजेत होते. पंधरा वर्षं. तुमच्याच तोफेवर. आता ठरवायचं ते तुम्ही ठरवा, का ते तुम्हाला चालतं का नाय.”

मी हरलो होतो, पण हरल्यावर माणूस जे करतो ते मी केलं. दुसरीकडून शिरलो. म्हणालो, “तू होतीस ते लपवून होतीस. तोफ विश्वासावर चालते. इतकी वर्षं ज्याने शेजारच्याला फसवलं, त्याच्या जिवावर फौज कशी उभी राहील?”

तू म्हणालीस, “सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी ट्रंक घेऊन गेटच्या भायेर. नाय सांगितलं तर खोटारडी. आन् खोटारडी म्हणून परत नको. लय सोईचं हाय तुमचं!”

हे मी कितीदा घोळवलं असेल. झेंडू तोडताना, पाणी धरताना. लपवावं लागतं म्हणून खोटी आणि खोटी म्हणून नको. मी यातून वाट काढायचा प्रयत्न करायचो आणि फिरून तिथेच यायचो. मला अजूनही वाटतं की बॅरेकीचं मी म्हणालो ते सगळं चूक नव्हतं. आपल्या पोरांना मी ओळखतो. त्यांनी तुला फाडून खाल्लं असतं. पण हे तुझ्याविरुद्ध झालं की पोरांविरुद्ध, ते मला सांगता येत नाही.

त्या दिवशी तू तिथेच थांबली असतीस तर बरं झालं असतं. तू पाना उचललास, शेगडीत डोकं घातलंस आणि आतूनच म्हणालीस, “आन् मी सांगितलं होतं. तुम्हाला. राजस्थानात, फायरिंगवरनं येताना, गाडीत. तुम्ही मान हलवली. त्या मानेवर मी पुढली सारी नोकरी काढली.”

सुमन, त्या दिवसापासून माझी झोप गेली ती गेलीच. तो दिवस मला आठवतो. दिवसभर तोफा चालल्या होत्या, डोक्यात नुसती घंटा वाजत होती. गाडीच्या मागच्या फळीवर आपण दोघं. वाळूने तुझ्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. तू शेंगा सोलत होतीस, मला देत होतीस. आणि मध्येच काहीतरी बोललीस. बराच वेळ बोललीस. मी मान डोलावली, हे खरं. पण तू काय बोललीस त्यातला एक शब्द माझ्यापर्यंत पोचला नाही. कारण तू डाव्या बाजूला बसली होतीस.

एरवी तू कधी माझ्या डाव्या बाजूला बसली नाहीस. त्याआधी नाही, त्यानंतर नाही. टपरीतल्या स्टुलाची जागा बघणारी तू, त्या दिवशी चुकून डावीकडे बसलीस यावर मी कसा विश्वास ठेवू? ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, असं तर नव्हतं ना ते? सांगितल्याचं समाधानही मिळावं आणि कोणाला कळूही नये. की तेव्हा काही सांगितलंच नव्हतंस, शेंगांबद्दल बोलत होतीस, आणि मी ‘फसवलंस’ म्हटल्यावर तुला ती मान आठवली आणि तू ती माझ्या गळ्यात बांधलीस?

मी तपास केला. हो, केला. भामऱ्याला आडवळणाने विचारलं, दत्तू तुला कधी काही बोलला होता का? तो म्हणाला, “काय बोलनार? पैसे उसने मागितले असतील.” तुलाही आडून-आडून विचारलं. त्या दिवशी गाडी कोण चालवत होतं, जेवायला काय होतं, सूर्य कोणत्या अंगाला होता. तू सगळं बरोबर सांगितलंस. त्याने काय सिद्ध होतं? मीही सगळं बरोबर सांगू शकत होतो. शालूला एकदा हे बोललो तर ती म्हणाली, “तुम्ही सरळ विचारा ना तिला, डावीकडे का बसली होतीस म्हणून.” ते मात्र माझ्याने झालं नाही. विचारलं असतं तर मला ऐकू आलं नव्हतं हे सांगावं लागलं असतं. आणि ज्या मानेवर तू नोकरी काढलीस, ती बहिऱ्याची मान होती, हे तुझ्या तोंडावर कसं सांगू? माझा डावा कान गेलेला हे तुला पाठ होतं, तरी आपण दोघंही त्याचं नाव काढत नव्हतो. यातही मला काहीतरी शिजतंय असं वाटायचं.

आणखी एक संशय सांगतो. एकदा सरावात माझी तपासणी चुकली होती. मी ‘बरोबर’ म्हणालो होतो, अधिकारी घाई करत होता, आणि तू तोफ डागायची दोरी ओढणाऱ्याचा हात धरून ‘थांबा’ म्हणालीस. नेम सरकलेला होता आणि पलीकडच्या टेकडीमागे आपलीच माणसं होती. त्या ‘थांबा’मुळे मी आज पेन्शन खातोय, तुरुंगातली भाकर नाही. आपल्या एवढ्या भांडणांत तू ती गोष्ट एकदाही काढली नाहीस. एक वाक्य टाकलं असतंस तर माझं तोंड कायमचं बंद झालं असतं. का नाही टाकलंस? मी वाट बघायचो, आज काढेल, उद्या काढेल. हातात एवढा मोठा हुकमाचा पत्ता असून न खेळणाऱ्या माणसाची भीती वाटते. आज कळतंय, तो पत्ता आहे असं तुला वाटतच नसावं. तेव्हा कळलं नाही.

मग कावीळ झाली. तू आठवडाभर कोणाला सांगितलं नाहीस, कुकर दुरुस्त करत बसलीस. दवाखान्यात तुला पुरुषांकडे ठेवायचं की बायकांकडे, यावर शिकाऊ डॉक्टर पोरं आपसात बोलत होती आणि तू व्हरांड्यात स्ट्रेचरवर हळदीसारखी पिवळी पडून होतीस. शालू त्यांच्यावर अशी कडाडली की पाच मिनिटांत बायकांच्या वॉर्डात कॉट मिळाली. मी दुसऱ्या दिवशी आलो ते ठरवून आलो होतो की आज विचारायचंच. कॉटच्या ज्या बाजूने तू माझ्या उजवीकडे येशील त्या बाजूला बसलो. तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, “उस्ताद, भाऊ येईल. मला प्यांट-शर्टात नेतील. नेऊ देऊ नका.” थोडा वेळ श्वास घेतलास. “आन् आपली मान्सं येतील ना? टोप्या घालून?”

मी म्हणालो, “येतील.”

“ऐकलं ना? नुसती मान नका हलवू.”

“ऐकलं,” मी म्हणालो. आणि जे विचारायला आलो होतो ते तसंच घेऊन घरी गेलो.

आपली रीत तुला माहीत आहे. आपल्यातला कोणी गेला की नाशकात असतील तेवढे बॅटरीवाले टोप्या घालून, पदकं लावून अमरधामला येतात. गेलेल्याचा नंबर एक हयात असेल तर तो दोन शब्द बोलतो, कोणत्या तोफेवर होता, कुठे कुठे होता, आणि मग सगळे एकदम सॅल्यूट करतात. सगळे आले होते, सुमन. टोप्या घालून. पण रांग लागेना. तुझा भाऊ निफाडहून चार माणसं घेऊन आला होता, हातात पिशवी आणि पिशवीत इस्त्री केलेला पांढरा शर्ट. “साहेब, गावात तोंड दाखवायचंय मला,” तो मला म्हणाला. “आई हाय घरी. तिला काय सांगू?” तो वाईट माणूस नाही. रडून त्याचे डोळे सुजले होते. शालू तिरडीजवळ उभी होती. म्हणाली, “साडी मी माझ्या हातांनी नेसवलीय. कोण सोडतं बघते.”

भामरे आता सुभेदार म्हणून सुटलेला, आम्हा म्हाताऱ्यांचा पुढारी. तो मला बाजूला घेऊन गेला, बाजूला म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतकंच, कारण हळू बोलणं आमच्यात कोणाला जमत नाही. “काठे, मन्हं एकच म्हणणं शे,” तो म्हणाला. “त्यानं साडी नेसली, जे केलं ते त्याचं. पन पंधरा वर्षं आपल्यात जेवला, आपल्यात झोपला, आन् आपल्याला फसवलं. फसवनाऱ्याला सॅल्यूट नाय. शर्ट घालून दत्तू म्हणून नेत असतील तर मी पहिला उभा राहतो.”

तुझ्या भावाने पिशवीतून शर्ट काढला. सगळे माझ्याकडे बघत होते. नंबर एक मी होतो.

खरं बोलायचं तर ‘माहीत नाही’ म्हणायला हवं होतं. तू सांगितलंस की नाही, फसवलंस की नाही, मला माहीत नाही. जन्मभर जे खात्रीचं नाही ते मी बोललो नाही. पण त्या वेळी ‘माहीत नाही’ म्हणणं म्हणजे तो शर्ट तुझ्या अंगावर चढवणं होतं.

“फसवलं नाही तिनं,” मी म्हणालो. “मला सांगितलं होतं. राजस्थानात, फायरिंगवरून येताना. नंबर एकला सांगितलं म्हणजे रिपोर्ट झाला. पुढे वर कळवायचं काम माझं होतं. मी कळवलं नाही. फसवलं असेल तर मी फसवलं. मी मेल्यावर मला सॅल्यूट देऊ नका.”

भामरे मला पुरता ओळखतो. “कोन्त्या बाजूला बसून सांगितलं?” त्याने विचारलं.

“उजव्या.”

“आन् तू ऐकलं?”

“शब्दन् शब्द.”

त्याने टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी परत सरळ घातली आणि जाऊन रांगेत उभा राहिला. त्याच्या मागोमाग बाकीचे. तुझ्या भावाने शर्ट पिशवीत घातला आणि पिशवी छातीशी धरून खाली बसला. मी दोन शब्द बोललो. सुमन बोरस्ते म्हणालो, आपली तोफ सांगितली, आणि ‘थांबा’ची गोष्ट सांगितली, जी मी आजवर कोणालाच सांगितली नव्हती. आम्ही सगळे अर्धे बहिरे, त्यामुळे सॅल्यूटचा हुकूम इतक्या मोठ्याने द्यावा लागला की पलीकडच्या सरणाजवळची माणसंही दचकून ताठ उभी राहिली.

तू उजव्या बाजूला बसली होतीस हे खोटं. तेवढं मला पक्कं माहीत आहे. बाकीचं मी न तपासता ‘बरोबर’ म्हणून टाकलं, आयुष्यात पहिल्यांदा. आता रोज विचार करतो, त्या फळीवर तू मला खरंच सगळं सांगितलंस की नुसते ओठ हलवलेस, की शेंगा खारट आहेत असं म्हणालीस. विचारायला हवं होतं. सरणासमोर मी खोटं बोललो की खरं, ते एकट्या तुला माहीत होतं, आणि तू निघून गेलीस.